तलाक नाही, संसारही नाही : विभक्त राहणाऱ्या दांपत्यांपुढील कायदेशीर मार्ग

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयात एक प्रसंग हटकून घडतो. विद्यार्थिनी अर्जावर स्वतःचे व आईचे नाव लिहिते आणि वडिलांच्या उत्पन्नाच्या रकान्यापाशी थांबते. वडील हयात आहेत, पण दुसऱ्या गावी राहतात. आई सात-आठ वर्षांपासून माहेरी आहे. "तलाक झाला असेल तर कागद आणा," असे लिपिक सांगतो. तलाक झालेला नाही. "मग वडिलांची सही आणा." वडील सही देत नाहीत. मुलगी अर्ज घेऊन परत जाते. तिच्या घरची खरी अडचण अर्थात या अर्जापुरती नसते. आईला दरमहा खर्च मिळत नाही, मेहरचा विषय कोणी काढत नाही, आणि "उद्या काहीतरी तोडगा निघेल" या आशेवर वर्षे निघून जातात.

आपल्या दोन्ही भाषांत या अवस्थेला शब्द आहेत. मराठीत "ती नांदत नाही", "माहेरी बसली आहे", "त्याने टाकली आहे" असे म्हणतात. उर्दूत 'अलाहिदगी' हा सौम्य शब्द आहे, तर 'मुअल्लका' म्हणजे अधांतरी लटकत ठेवलेली स्त्री हा कठोर. यातील "ती नांदत नाही" आणि "तो नांदवत नाही" ही दोन वाक्ये एकच घटना सांगतात, परंतु पहिल्यात दोष पत्नीकडे जातो आणि दुसऱ्यात पतीकडे. पोटगीच्या न्यायालयातही पहिला वाद नेमका हाच असतो: वेगळे राहण्यास रास्त कारण होते काय, आणि ते कोणी निर्माण केले?

वेगळे राहणे म्हणजे कायद्याच्या बाहेर राहणे, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. विवाह टिकवून वेगळे राहण्याचे अनेक कायदेशीर मार्ग आहेत. मात्र ते सर्व कागदावर उभे असतात. ज्या विभक्तपणाला ना करारनामा आहे, ना न्यायालयाचा आदेश, त्यात दुर्बल बाजूचे हक्क झिजत जातात. प्रस्तुत लेखात हे मार्ग क्रमाने मांडले आहेत.

निकाह कायम असण्याचा अर्थ

पती-पत्नी कितीही वर्षे वेगळे राहिले तरी केवळ काळ लोटल्याने निकाह संपत नाही. "सात वर्षे वेगळे राहिले की आपोआप तलाक होतो" ही लोकांत रूढ असलेली समजूत निराधार आहे. निकाह कायम असेपर्यंत पत्नीला दुसरा विवाह करता येत नाही. तिचा मेहर देय राहतो. पतीच्या मृत्यूनंतर ती वारस ठरते: मुले असल्यास तिचा वाटा एक अष्टमांश, नसल्यास एक चतुर्थांश. पत्नी आधी वारली तर पतीचा वाटा मुले असल्यास एक चतुर्थांश, नसल्यास निम्मा. अनेक स्त्रिया तलाक किंवा खुला न मागता विभक्त राहणे पसंत करतात त्यामागे मुलांची लग्ने, समाजातील स्थान याबरोबर हा वारसाहक्कही असतो. त्यांचा निर्णय अज्ञानातूनच आलेला असतो, असे समजण्याचे कारण नाही.

न्यायिक फारकत : कोणासाठी?

विवाह न मोडता एकत्र राहण्याच्या बंधनातून मोकळीक देणारा न्यायालयाचा हुकूम म्हणजे न्यायिक फारकत. 'फारकत' हा शब्द 'फारिग-खती' म्हणजे मोकळीक दिल्याचा कागद यावरून मराठीत आला, आणि बोलीत त्याला सोडचिठ्ठीचा अर्थ चिकटला. त्यामुळे 'न्यायिक फारकत' ऐकताच घटस्फोट झाला असे वाटते. कायद्यात तसे नाही. पतीपत्नीचे नाते कायम राहते.

हिंदूंसाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० मध्ये ही तरतूद आहे. हुकमानंतर एक वर्षापर्यंत सहवास पुन्हा सुरू झाला नाही तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. ख्रिस्ती विवाहांसाठी १८६९ च्या कायद्यात, पारशांसाठी १९३६ च्या कायद्यात आणि विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम २३ मध्ये अशीच सोय आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मात्र न्यायिक फारकतीचा असा स्वतंत्र हुकूम नाही.

निकाहाने विवाहबद्ध झालेले दांपत्य अटी पूर्ण करीत असल्यास कलम १५ खाली आपला विवाह विशेष विवाह कायद्यात नोंदवू शकते. मग कलम २३ चा मार्ग त्यांनाही खुला होतो. परंतु या नोंदणीनंतर वारसाहक्क भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार ठरतो. एका सोयीसाठी केलेली नोंदणी वाटणीचे सारे गणित बदलते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

गोव्याची स्थिती वेगळी आहे. तेथे पोर्तुगीज काळातील कौटुंबिक कायदा चालतो आणि १९३७ चा शरीअत कायदा तेथे लागू केलेला नाही. १९१० च्या घटस्फोट कायद्यात तेथे 'व्यक्ती व मालमत्ता यांचे विभक्तीकरण' मागण्याची तरतूद आहे. सीमेपलीकडच्या बेळगावात लग्न करून गोव्यात स्थायिक झालेल्या कुटुंबाने कोणता कायदा लागू होतो हे आधी विचारून घ्यावे. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता अमलात आली आहे. राज्याराज्यांतील कायदा यापुढे एकसारखा असेलच असे गृहीत धरता येणार नाही.

सुलह, हकम आणि दारुल कजा

शरीअतमध्ये न्यायिक फारकतीचा हुकूम नसला तरी बेबनावातील दांपत्याचा विचार तपशिलाने केला आहे. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत दोन्ही घराण्यांतून एकेक हकम, म्हणजे मध्यस्थ नेमण्याची आज्ञा आहे. १२८ व्या आयतीत पतीकडून दुर्लक्षाची भीती वाटणाऱ्या पत्नीला त्याच्याशी आपसांत सुलह करण्याची मुभा दिली आहे. त्यापुढच्याच आयतीत एकापेक्षा अधिक पत्नी असलेल्या पुरुषाला बजावले आहे, की एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला लटकत ठेवू नये. 'मुअल्लका' हा शब्द तेथूनच आलेला आहे. तेव्हा पत्नीला ना नांदवायचे ना मोकळे करायचे, या वागणुकीला धर्माचा आधार सांगता येत नाही.

तडजोडीसाठी दारुल कजाकडे जाण्यास कोणतीही आडकाठी नाही. अनेक ठिकाणी तेथे कमी खर्चात समेट होतो. परंतु ७ जुलै २०१४ रोजी विश्वलोचन मदन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दारुल कजाचा निर्णय वा फतवा कायद्याने बंधनकारक नाही. पती ठरलेली रक्कम देईनासा झाला तर त्या निर्णयाच्या बळावर जप्ती आणता येत नाही. म्हणून तेथे झालेला समेट पुढे कायदेशीर कागदात उतरवणे आवश्यक ठरते.

पोटगी : सर्वांत जवळचा मार्ग

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आपल्याकडे सर्वपरिचित आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हा मार्ग सर्व धर्मांच्या पत्नींना, मुलांना व वृद्ध आईवडिलांना खुला आहे. पत्नी जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. पतीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पूर्वी असलेली दरमहा ५०० रुपयांची मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने उठली.

पतीने दुसरा विवाह केला असेल तर पत्नीने त्याच्याकडे राहण्यास नकार देणे रास्त मानले जाते. मुस्लिम पतीला दुसऱ्या विवाहाची मुभा असली तरी पहिल्या पत्नीला हे संरक्षण मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये बेगम सुबानू खटल्यात सांगितले आहे. पतीने नांदण्याबाबतचा हुकूम मिळवला असला आणि पत्नी तरीही गेली नाही, तरी केवळ तेवढ्यामुळे तिची पोटगी बुडत नाही, असा निर्णय १० जानेवारी २०२५ रोजी रीना कुमारी खटल्यात झाला आहे.

या कलमात एक अट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. पतीपत्नी परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. बैठकीत वडीलधारी मंडळी सांगतात, "दोघांनी राजीखुशीने वेगळे राहावे," आणि तसा चार ओळींचा कागद करून सह्या घेतात. त्यात खर्चाचा उल्लेख नसतो. पुढे पत्नी न्यायालयात गेली की तोच कागद तिच्याविरुद्ध पुढे केला जातो. म्हणून 'संमती' हा शब्द लिहिण्याआधी रक्कम लिहिली पाहिजे.

दुसरी बाब काळाची. हनफी मतानुसार पूर्वी करार किंवा हुकूम झालेला नसेल तर मागील काळाचा नान-नफका वसूल करता येत नाही. शाफिई मतानुसार थकलेला नफका हे पतीवरील कर्जच असते. दख्खनमधील बहुसंख्य मुस्लिम हनफी, तर कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफिई आहेत. एकाच महाविद्यालयात दोन्ही घरांतील विद्यार्थी असू शकतात. कलम १४४ खाली कोणताही भेद नाही, पण तेथेही मोजणी अर्जापासून होते: ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निर्णयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचे आणि दोन्ही पक्षांनी मिळकत व देणी यांचे शपथपत्र दाखल करण्याचे निर्देश दिले. अर्जाआधी वाट पाहण्यात गेलेली वर्षे त्या हिशेबात येत नाहीत.

इंदूरचा शाहबानो खटला या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. तो तलाकनंतरच्या पोटगीचा खटला म्हणून प्रसिद्ध झाला. पण तिचा विवाह १९३२ चा, आणि १९७५ मध्ये तिला घराबाहेर काढण्यात आले. एप्रिल १९७८ मध्ये तिने इंदूरच्या न्यायालयात अर्ज केला तेव्हा ती तलाकशुदा नव्हतीच. विभक्त राहणारी पत्नी होती. तलाक ६ नोव्हेंबर १९७८ रोजी, अर्ज प्रलंबित असताना देण्यात आला. १९७९ मध्ये दरमहा २५ रुपये मंजूर झाले. १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. पुढच्या वादळात १९७५ ते १९७८ ही तीन वर्षे विस्मरणात गेली. आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी स्त्रिया त्याच टप्प्यावर आहेत.

अर्ज करताच पती तलाक देईल, ही भीती खरी असते. त्या बाबतीत कायदा बराच पुढे आला आहे. केवळ न्यायालयातील लेखी जबाबात "मी पूर्वीच तलाक दिला" असे लिहिल्याने तलाक सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये शमीम आरा खटल्यात ठरवले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात हीच भूमिका घेतली होती. एकदम दिलेला तिहेरी तलाक २०१७ मध्ये रद्दबातल ठरला. २०१९ च्या कायद्याने असा तलाक उच्चारला गेलेल्या विवाहित स्त्रीला पतीकडून निर्वाहभत्ता मागण्याचा आणि अल्पवयीन मुलांचा ताबा मागण्याचा हक्क दिला. वैध तलाक झाला तरी पोटगीचा मार्ग बंद होत नाही, हे तेलंगणातून आलेल्या मोहम्मद अब्दुल समद खटल्यात १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट झाले.

घरात राहण्याचा हक्क

पोटगी पैशापुरती असते. छताचा प्रश्न कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण कायदा, २००५ सोडवतो. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे आणि धर्माचा भेद करीत नाही. मारहाणीबरोबरच खर्च बंद करणे, दागिने अडकवून ठेवणे, घरातून हाकलणे यांचाही त्यात समावेश होतो. पत्नीला सामायिक घरात राहण्याचा आदेश, पर्यायी निवासाचे भाडे, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा हे सारे एकाच अर्जात मागता येते. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, एवढ्याच कारणाने ते सामायिक घर ठरत नाही असे म्हणता येणार नाही, हे १५ ऑक्टोबर २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निर्णयाने प्रस्थापित झाले.

नांदण्याचा दावा

दुसऱ्या बाजूने पतीला, आणि पत्नीलाही, जोडीदाराने एकत्र राहावे यासाठी दिवाणी दावा करता येतो. मुस्लिम पतीचा असा दावा चालतो हे प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्ये बुझलूर रहीम खटल्यात मान्य केले. मात्र क्रौर्यासारखी कारणे असल्यास तो फेटाळता येतो, हेही त्याच निर्णयाने सांगितले. पत्नीने मागणी करूनही मेहर-ए-मुअज्जल, म्हणजे मागताक्षणी देय असलेला मेहर, दिलेला नसणे हाही बचावाचा मुद्दा असतो.

या दाव्याचा मराठी मुलखातील सर्वांत गाजलेला प्रसंग रखमाबाईंचा. १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नांदायला जा अन्यथा तुरुंगवास भोगा, असा हुकूम दिला; त्या तुरुंगवासाला तयार झाल्या. १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि त्या पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. आज असा हुकूम मोडल्यास कैद होत नाही. मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. पोलीस बळाने कोणालाही नांदायला पाठवता येत नाही. तरीही अशा दाव्याची नोटीस आली की ती दुर्लक्षून चालत नाही. हजर राहून, वेगळे राहण्याची कारणे पुराव्यासह मांडणे भाग असते. एकतर्फी हुकूम झाल्यास पुढची वाट अवघड होते.

विभक्त राहण्याचा करारनामा

दोघांची खरोखरच संमती असेल तर करारनामा हा सर्वांत शांत मार्ग होय. अशा कागदाचे बळ किती, याचे उदाहरण 'खर्च-ए-पानदान'च्या खटल्यात मिळते. १८७७ मध्ये एका निकाहाच्या वेळी वराच्या पित्याने सुनेला दरमहा ५०० रुपये खर्च-ए-पानदान देण्याचे लिहून दिले. सून अज्ञान होती. करार दोघांच्या वडिलांमध्ये झाला होता. मतभेदांमुळे १८९६ मध्ये तिने पतीचे घर सोडले आणि ती मुरादाबादला राहू लागली. सासऱ्याने रक्कम नाकारली. १९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने नवाब हुसैनी बेगमच्या बाजूने निकाल दिला: सासरीच राहिले पाहिजे अशी अट कागदात नव्हती, म्हणून रक्कम देणे भाग होते. जे लिहिले होते तेच तिच्या कामी आले.

एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी. "पुढे कधी वेगळे झालो तर" अशा भावी विभक्तीचा करार मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ मध्ये बाई फातमा खटल्यात सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला होता. प्रत्यक्ष वेगळे राहण्याची वेळ आल्यावर केलेला करार त्या दोषापासून मुक्त असतो.

करारनाम्यात किमान पुढील बाबी स्पष्ट असाव्यात: वेगळे राहण्यास सुरुवात झाल्याची तारीख व कारण, निकाह कायम असल्याचा उल्लेख, दरमहा रक्कम, ती देण्याची तारीख व दरवर्षीची वाढ, मेहरपैकी काय दिले आणि काय बाकी आहे, दागिने व सामानाची यादी, मुले कोणाकडे राहतील, दुसऱ्या पालकाची भेट केव्हा होईल, शाळा-महाविद्यालयाच्या अर्जांवर सही कोण करील, आजारपणाचा खर्च, आणि रक्कम थकल्यास न्यायालयात जाण्याचा पत्नीचा हक्क अबाधित असल्याचे कलम. मुलांच्या बाबतीत न्यायालय त्यांचे हित पाहते. करारातील शब्द तेथे अंतिम नसतो.

हा करार घरच्या कपाटात ठेवण्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीपुढे नेता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो, म्हणजे त्याची अंमलबजावणी करून घेता येते. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. "वकिलाला पैसे कोठून आणायचे?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे.

विभक्तपणा कोठवर?

काही विभक्त संसार पुन्हा जुळतात, काही तसेच शेवटापर्यंत चालतात. ज्यांना त्यातून बाहेर पडायचे आहे त्यांच्यासाठी खुला आणि मुबारात हे संमतीचे मार्ग आहेत. संमती मिळत नसेल तर मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, १९३९ आहे. पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे खर्च न देणे, रास्त कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये न पाळणे, क्रूर वागणूक ही त्यातील काही कारणे. हनफी मतात स्त्रीला मिळत नसलेली सुटका मालिकी मताच्या आधारे देण्यासाठी तो कायदा झाला होता. लटकत ठेवलेल्या स्त्रीचे दुःख त्या काळच्या उलेमांनीही ओळखले होते, हे त्यावरून दिसते.

समारोप

विभक्त राहणे हा कित्येकदा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आणि त्याचा मान राखला पाहिजे. मात्र निर्णय आणि टाळाटाळ यांत फरक आहे. रक्कम ठरली, तारीख ठरली, मुलांची व्यवस्था ठरली आणि ते कागदावर आले, तर ती अलाहिदगी होय. यांपैकी काहीच ठरले नाही तर स्त्री मुअल्लका होते आणि तिच्याबरोबर तिची मुलेही लटकत राहतात.

महाविद्यालयातील शिक्षकाने वकील होण्याची गरज नाही. वडिलांच्या सहीपाशी अडलेल्या विद्यार्थिनीला तलाकनामा आणण्यास सांगण्याऐवजी, आईकडे काही करार वा आदेश आहे का, एवढे विचारता येते. नसल्यास विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयाचा पत्ता देता येतो, आणि आपसांतील कागदावर सही करण्यापूर्वी त्यात रक्कम लिहिली आहे ना हे पाहण्यास सांगता येते. ती मुलगी ही एवढी माहिती घरी घेऊन गेली, तर तिच्या आईला पहिला अर्ज करण्यासाठी आणखी आठ वर्षे थांबावे लागणार नाही.